आत्याची साक्ष

सुपा,
१६ जून २०२४

प्रिय आत्या, तुझ्या पायांवर डोकं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुला ऐकू जावं म्हणून मी इतकी ओरडते की आमच्या घरमालकिणीला सगळं पाठ होतं, आणि तू तिकडून ओरडतेस ते राहात्याच्या बाजारतळापर्यंत पोचतं. म्हणून पत्र. आणि खरं सांगू का, तुझं अक्षर बघितलं की बरं वाटतं.

मार्चपासून मी शिफ्ट इनचार्ज आहे, हे तुझं सगळ्या गावाला सांगून झालंय. पण आत्या, ते माझ्या हातून निसटायला लागलंय. आमच्या कंपनीत गाड्यांचे रबरी भाग होतात, ते माझी माणसं तपासून खोक्यात भरतात. पूर्वी मला एकच मशीन होतं. आता माणसांची हजेरी, खोक्यांची लेबलं, डिस्पॅच, फोन, सगळं एकदम. एक काम करताना दुसरं दिसतं, मी तिकडे जाते, आणि पहिलं तसंच राहतं. मागच्या महिन्यात चाकणची खोकी नाशिकला गेली. साहेब चांगले आहेत. म्हणाले, मोनिका, दिवाळीपर्यंत बघू, मग तुला इनचार्ज ठेवायचं की परत मशीनवर बसवायचं ते ठरवू.

थांब, दूध उतू गेलं.

हे पुढचं दोन दिवसांनी लिहितेय. पत्रावर मेथीची जुडी ठेवली होती, म्हणून ओल आहे, समजून घे.

तर मी नगरला डॉ. अल्मास म्हणून आहेत त्यांच्याकडे गेले. मनाच्या डॉक्टर. घाबरू नकोस, मला वेड लागलेलं नाही. त्या म्हणाल्या, हे एडीएचडी असू शकतं. लक्ष एका जागी टिकत नाही, मन आणि हातपाय स्वस्थ बसत नाहीत, असं जन्मापासूनचंच काहींचं असतं. पण आज बघितलं आणि आज शिक्का मारला असं नसतं. ही लक्षणं निदान सहा महिने सलग असावी लागतात, घरीही आणि कामावरही, आणि त्यातली काही बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात. मी त्यांना इनचार्ज झाल्यापासूनचा त्रास सांगितला, ते झाले तीन महिने. तेवढंच असेल तर नव्या कामाचा ताणही असू शकतो. म्हणून त्यांना मला लहानपणी पाहिलेलं माणूस हवंय.

आईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय म्हाईत? सहाव्या वर्षी तुला शाळंसाठी राहात्याला धाडली. आत्याला इचार." तर तू येशील ना? खरं काय ते सांग फक्त.

तुझी,
मोनिका

*

राहाता,
२७ जून

चि. मोनिकास छबूबाईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. मेथीचा डाग पण पोचला.

सगळ्या गावाला सांगितलं हे खोटं आहे. स्टेशन रोडकडच्या दोन गल्ल्या अजून राहिल्यात. पाथर्डीच्या कोरड्या रानातून आलेली पोरगी आज कंपनीत माणसं हाकते, हे मी सांगायचं नाही तर कोणी सांगायचं? तुझा बाप आसाराम माझा भाऊ, पण त्याला स्वतःच्या पोरीचं कौतुक करता येत नाही. ते खातं माझ्याकडे आहे.

आता तुझं दुखणं. सहा महिने टिकलं तर दुखणं, नाहीतर नाही, हा कुठला कायदा? ताप काय तारीख बघून येतो? पण तू म्हणतेस तर येते. लहानपणीचं विचारणार असतील तर माझ्याइतकं कोण सांगणार? मला बोलायला शिकवू नकोस. निम्म्या राहाता तालुक्याची लग्नं या जिभेने जुळवलीत.

त्यावरून आठवलं. बेलापूरचं एक स्थळ आहे. मुलगा ओम, बँकेत आहे, माणसं सरळ. पत्रिका मी गुपचूप बघून घेतली, छान जुळते. सध्या एवढंच.

आत्या

*

सुपा,
२१ जुलै

आत्या,

नमस्कार. शुक्रवारी दवाखान्यातून तुला एसटीत बसवून दिलं तेव्हा मी काही बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर स्टँडवर तमाशा झाला असता.

तू काय केलंस ते तुला कळलं का? हिरवी पैठणी नेसून आलीस. बरोबर पेरूची टोपली. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी ही एका जागी बसायची का? तू म्हणालीस, "चपळ हो. कामाला वाघीन." वस्तू हरवायची का? "हात उदार आहे पोरीचा." दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची का? "हुशार लई. समोरच्याचं संपायच्या आत हिचं उत्तर तयार." हातात घेतलेलं काम पुरं करायची का? तर म्हणालीस, "पुरनपोळ्या उत्तम येत्यात." शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही त्रास? तू छाती पुढे काढून म्हणालीस, "साधा चष्मासुदिक न्हाई." आणि उठताना त्यांनाच विचारलंस, माहेर कुठलं तुमचं?

आत्या, त्या काय मला बघायला आल्या होत्या?

तू बाहेर गेल्यावर डॉक्टर हसल्या, पण माझं काम अडलं ते अडलंच. त्या म्हणाल्या, आत्याबाईंच्या सांगण्यावरून लहानपणी काहीच नव्हतं असं दिसतं. मग मी नाव कसं देऊ? औषध कसं सुरू करू? त्यांनी थायरॉइड तपासायला सांगितलंय, झोप नीट घे म्हणाल्या, आणि थांबू, बघू म्हणाल्या. मला दिवाळीपर्यंतच थांबता येतं.

माझी लाज वाटते तुला, एवढंच मला त्या दिवशी कळलं.

मोनिका

*

राहाता,
११ सप्टेंबर

चि. मोनिकास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पेरूच्या बागेत फवारणी होती. खरं म्हणजे फवारणी दोन दिवसांत आटपली, पण राग आटपत नव्हता.

लाज? छबूबाईला तुझी लाज? उचलली जीभ लावली टाळ्याला. समोर टेबल, टेबलापलीकडे शिकलेली बाई, हातात पेन, आणि विचारते "मुलगी लहानपणापासून कशी आहे?" आयुष्यभर या प्रश्नाला मी एकच तऱ्हेचं उत्तर दिलंय. तिरळीला मी "नजर तीक्ष्ण" म्हटलं, तोतरीला "मितभाषी" म्हटलं, आणि दोघी आज सुखाने नांदतायत. झाकली मूठ सव्वा लाखाची. जीभ आपोआप त्या वाटेने गेली. पोरीचं वाईट परक्यापुढे सांगायचं नाही, हे आमच्या हाडात आहे.

आणि माझं ऐकशील तर झालं ते बरंच झालं. तूच लिहिलंस की सहा महिने सलग लागतात. म्हणजे अजून वेळ आहे. आता महिना-दोन महिने कंबर कसून नीट राहा. काही विसरू नकोस, काही सांडू नकोस. मध्ये खंड पडला की मोजणी मोडली, की ते दुखणं आपोआप रद्द. मुदत टळलेला दावा कोर्ट घेत नाही, तसंच. पुन्हा ते नाव कोणी काढणार नाही.

बेलापूरकरांना फोटो आवडला.

आत्या

*

सुपा,
६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

भांडायला लिहीत नाही. फक्त एक समजावते.

तू लिहितेस कंबर कसून राहा. आत्या, मी कंबर कसूनच आहे गं. कधीपासून ते मलाच आठवत नाही. दुसऱ्या मुली घरून निघतात तशी मी निघत नाही. कुलूप लावलं का ते बघायला मी जिना परत चढते, आणि वर गेल्यावर कशाला आले ते विसरते. हजेरी घेताना एक नाव राहिलं तर त्या माणसाचा दिवस बुडेल, म्हणून मी ती दुसऱ्यांदा घेते, आणि तिसऱ्यांदा पण. बाकीचे इनचार्ज जेवायला बसतात तेव्हा मी खोक्यांवरची लेबलं पुन्हा वाचत असते. घरी आल्यावर ताट वाढून घेते आणि ताटासमोर रडते. आळशी माणूस इतकं करतं का?

सहा महिन्यांची ती अट शिक्षेची मुदत नाही. डॉक्टरांनी मला नीट सांगितलं. घरात मयत झाली, नोकरी बदलली, परीक्षा आली, तर कोणाचंही चित्त महिनाभर थाऱ्यावर नसतं. तेवढ्यावरून कोणाच्या कपाळी नाव चिकटवू नये म्हणून ती अट आहे. सहा महिने ही कमीत कमी. माझे ते केव्हाच होऊन गेले. अडलंय ते बाराव्या वर्षाच्या आतलं, आणि ते बघितलंय फक्त तू.

कंपनीत परवा पुन्हा एक खोकं चुकलं. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मशीनवर परत जायला मला कमीपणा वाटत नाही, आत्या. पण माझ्या हाताखालच्या बायका म्हणतात, तू आहेस म्हणून आम्हाला कोणी उलटं बोलत नाही. मशीन अडलं, माल थांबला, सगळे ओरडायला लागले की मीच एकटी शांत असते. ते काम मला येतं. तेच सोडावं लागेल याचं वाईट वाटतं.

तू काही करू नकोस. तब्येत सांभाळ.

मोनिका

*

राहाता,
१८ ऑक्टोबर

माझ्या लेकरा,

काल मी नगरला जाऊन आले. तुला न विचारता. एकटी. पैठणी नेसले नाही, बागेत नेसते ते लुगडं होतं. पेरू नेले, कारण रिकाम्या हाताने जायची मला सवय नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आत्याबाई, आज काय?" मी म्हटलं, "मागल्या टायमाला मी पाव्हन्यांपुढं बोलल्यावानी बोलले. आज घरच्यावानी बोलते. दार उघडं असू द्या, मला कुनाची भीती न्हाई." तरी त्यांनी दार लावलं. माझा आवाज बाहेर गेलाच असणार.

काय सांगितलं ते तुलाही सांगते, कारण यातलं निम्मं तुला माहीत नाही.

सांगितलं की, पहिल्या वर्षी तुला दुधाला धाडलं, तर तू किटली डेअरीवर ठेवून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आलीस. पिल्लाचं नाव ठेवलं, दूध आलं नाही. चप्पल कायम एकच हरवायचीस. मग मी एकाच रंगाच्या चपला घ्यायला लागले, म्हणजे उरलेल्या दोन मिळून जोड व्हायचा. शाळेत बाई आठवड्याला निरोप धाडायच्या, तुमची मोनिका बाकावर नसते, खिडकीत असते. गणित फळ्यावर सोडवायचीस आणि वहीत उतरवायचं विसरायचीस. हे चौथीच्याही आधीचं, म्हणजे बारा वर्षांच्या कितीतरी अलीकडचं. घरात तेच, शाळेत तेच, बाजारात तेच. सुट्टीत पाथर्डीला गेलीस की तिथेही तेच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग ही दहावी-बारावी पास कशी झाली?" तेव्हा मला एवढं भरून आलं की पाणी मागितलं.

मोने, तू पास झालीस तुझ्या डोक्याने. पण तुला बसवली मी. तू म्हणायचीस, आत्याला पाठ टेकून बसायची खोड आहे. मला कसली खोड? माझी पाठ तुझ्या पाठीला लागलेली असली की तू उठायची नाहीस, उठलीस तर मला कळायचं. पाढे मी तुला पेरू निवडताना म्हणायला लावले. मोठा या क्रेटमध्ये, बारका त्या क्रेटमध्ये. हात चालू असले की तुझं तोंड चालायचं आणि डोक्यातही राहायचं. कंपासपेटी दप्तराला सुतळीने बांधली होती. विसरलेला डबा, विसरलेली वही घेऊन मी रोज शाळेच्या फाटकावर जायचे. शिपाई म्हणायचा, "छबूबाई, तुमचंबी नाव हजेरीत टाकू का?" मी म्हणायचे, "टाक की, मी कवा गैरहजर हाय?" आसाराम फोन करायचा तेव्हा मी सांगायचे, पोर उत्तम आहे. तुझ्या बापापुढेसुद्धा मूठ झाकलेलीच.

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "आत्याबाई, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "कोन शिकवनार? पोर समोर हुती."

त्या म्हणाल्या, तुम्ही घट्ट धरून ठेवलं होतं म्हणून बाहेर कोणाला दिसलं नाही. सुप्याला एकटी राहिली, जबाबदारी वाढली, आणि धरायला कोणी नाही, म्हणून आता उघडं पडलं. हे सहा महिन्यांचं नाही, वीस वर्षांचं आहे.

ऐकलंस? आणि मी तुला कंबर कस म्हणून लिहीत होते. माफी मागणार नाही, मला ती मागता येत नाही. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. पण मी हे सगळं सांगून त्या खुर्चीवरून उठले ना, तेव्हा मान खाली नव्हती. उलट वाटलं, एवढ्या लग्नांत इतक्या अभिमानाने मी कोणाचा बायोडाटा वाचला नव्हता.

सोमवारी तुला बोलावलंय. रजा टाक. विसरू नकोस. विसरशीलच, म्हणून आसारामला सांगितलंय सकाळी तुला फोन करायला.

आत्या

*

सुपा,
१७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र कंपनीच्या बसमध्ये वाचलं. शेजारची बाई म्हणाली, काय झालं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी गेलं नाही, मला माझं लहानपण आलंय.

बाबांनी सोमवारी फोन केला. मी झोपेतून उठून म्हटलं, हो हो, लक्षात आहे. नव्हतं.

डॉक्टरांनी नाव दिलं. एडीएचडी. त्या मला सगळं उलगडून म्हणाल्या: बारा वर्षांच्या आधीपासून आहे, घरी आहे, शाळेत होतं, कामावर आहे, सहा महिन्यांच्या अटीच्या कितीतरी पलीकडचं आहे, आणि त्याने तुझं रोजचं अडतं आहे. मला वाटलं होतं नाव ऐकून रडू येईल. आलं, पण हलकं वाटून. मी वेंधळी नाही, निष्काळजी नाही, हे पहिल्यांदाच कोणी माझ्या चुका न मोजता, मला तपासून सांगितलं.

औषध सुरू आहे. ते खाल्लं की मी दुसरीच कोणी होते असं नाही. भूक थोडी कमी लागते, आणि अजून डोस बघणं चालू आहे. पण एक काम संपेपर्यंत ते काम समोर राहतं. मी साहेबांना स्वतःहून सांगितलं. ते म्हणाले, बरं, मग काय करायचं सांग. मी म्हटलं, लेबलं आणि डिस्पॅच एकाच वेळी माझ्याकडे नकोत, आणि लेबलं तपासताना कोणीतरी माझ्यासोबत बसायला हवं. आता आमच्या लाईनवरची एक मुलगी माझ्याजवळ बसते. तिचं तिचं काम करते. फक्त बसते. तशी माझी गाडी चालते. हे तंत्र मी कुठून उचललंय ते तिला सांगितलं नाही, साहेबांना मात्र सांगितलं. म्हणाले, तुझ्या आत्याला कंपनीत घ्यायला हवं.

दिवाळीनंतरची बैठक झाली. मी इनचार्ज राहिले, आत्या. पक्की.

माझी लाज वाटते तुला, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य परत घेते. माझ्यासाठी इतकं कोणी केलं आणि तोंडातून ब्र काढला नाही, याचा मला इतका अभिमान वाटतो की शिफ्टमध्ये सगळ्यांना सांगत सुटलेय. तुझीच भाची.

एक राहिलं. बेलापूरकरांना हे सांगायला हवं. ओमशी मी एकदाच बोललेय, बरा वाटला. पण माझं झाकून मला कुठे जायचं नाही. तू सांगू शकणार नसशील तर मी सांगते.

मोनिका

*

राहाता,
२ डिसेंबर

मोनिका, तुला आणि तुझ्या इनचार्जपणाला आशीर्वाद.

मी सांगू शकणार नाही? मला?

काल बेलापूरकर घर बघायला आले होते. ओम, त्याचे आईवडील, एक मामा. पोहे झाले, चहा झाला. मग ओमच्या आईने पदर सावरून तो ठरलेला प्रश्न टाकला, "मुलीचं काही सांगन्यासारखं?"

मी म्हटलं, "हाय की. लई हाय." आणि सांगितलं. नाव सांगितलं, औषध सांगितलं, किटली आणि पिल्लू सांगितलं. ही एक चप्पल हरवते, दूध उतू घालवते, ताटावरून उठून जाते, आणि कंपनीत मशीन बंद पडून सगळ्यांचा जीव जातो तेव्हा हीच एकटी उभी राहते. जुळवायला बसले की मी आवाज गोड करते, काल तो केला नाही. मामा पोह्यांकडे बघत राहिले. ओमचे वडील म्हणाले, "तुमी खरं सांगितलं, आनंद वाटला." मग सगळे पेरूची बाग बघायला गेले, बागेची स्तुती केली, आणि निघाले. माणसं वाईट नाहीत. मी त्यांना पिशवीभर पेरू दिले आणि फाटकापर्यंत सोडून आले.

आज सकाळी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका मीच जुळवली होती.

लगेच आसारामचा फोन. त्याला कुठून कळतं देव जाणे. ओरडतच होता, "आक्के, एवढं चांगलं स्थळ, कुठं बिनसलं? पोरीत काय खोट काढली त्यांनी?"

मी अंगणात उभी होते, शेजारपाजारचे सगळे ऐकत होते, आणि मला ते हवंच होतं. मी म्हटलं, "खोट कसली काढतील? मी समदं खरं सांगितलं. त्यांना आपली पोर झेपायची न्हाई."

तुझी आत्या,
छबूबाई